सापगावचे रविवार

टोकावडे
१९ जानेवारी २०२५

प्रियांका,

वर 'प्रिय' लिहायचं की नाय, यातच बराच वेळ गेला. शेवटी म्हटलं, तुझ्या नावातच ते आहे, तेवढ्यावर भागवू.

तुझा पत्ता तुझ्या आईनंच दिला, काकींनी. म्हशाच्या जत्रेत भेटल्या, घोंगडीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. मला बघितल्यावर घोंगडी तशीच टाकली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती वाळलीस गो!" मी वाळलेली नाय, आश्रमशाळेच्या भातानं उलट सुटलेय, पण काकींना सगळ्याच पोरी वाळलेल्या दिसतात. तू कशी आहेस विचारलं तर म्हणाल्या, "पुन्याला हाय. फोन लावला का दोन शबुद बोलते आन ठेवते. तू लिही तिला कायतरी." मी तुझा नंबर ब्लॉक केलाय हे त्यांना माहीत नसावं. की माहीत आहे, म्हणूनच 'फोन कर' न म्हणता 'लिही' म्हणाल्या?

मलाही फोनपेक्षा हेच बरं वाटतं. फोनवर मी एकतर लगेच हो म्हणून मोकळी होते, नायतर गप्प बसते. कागदावर निदान खोडता येतं.

माझं सांगते. टोकावड्याजवळच्या आश्रमशाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवते, तासिकांवर. राहायला तिथंच एक खोली आहे. मागं डोंगर, पुढं माळशेजचा रस्ता. घाटावरून भाजीचे टेम्पो उतरतात, त्यांच्या आवाजानं खिडकीची काच थरथरते. पोरी चांगल्या आहेत. वर्गात मी फळ्यावर 'नाही' लिहिते आणि बाहेर आले की 'नाय' म्हणते. तुलाही 'नाय'च लिहितेय.

रविवारी शाळा शांत असते आणि मग मला सापगाव आठवतं. वसतिगृहातल्या बाईंना 'अभ्यासाला जाते' सांगून मी शहापूरहून तुझ्याकडे यायचे आणि ते खरंही असायचं. आधी काकींच्या हातची तांदळाची भाकर आणि सुकटीचं कालवण. मग पुलाच्या खालच्या अंगाला, भातसेच्या काठावर, त्या सपाट दगडावर आपण दोघी. तू उदाहरण बातम्या दिल्यासारखं मोठ्यानं वाचायचीस. मी काटकीनं वाळूत मांडायचे, कारण वहीत चुकलं की मला वाईट वाटायचं. दोघींचं उत्तर जुळलं की तू टाळी मागायचीस. नाय जुळलं की आधी माझं तपासायचीस. काकांच्या म्हशी पाण्यात उतरून आपल्याकडे बघत राहायच्या आणि तू म्हणायचीस, "हिला पण समजलं बग. तुलाच समजत नाय."

उत्तराची वाट बघत नाय. सहज लिहिलं.

रविना


टोकावडे
२ मार्च २०२५

प्रियांका,

वाट बघत नाय असं मीच लिहिलं होतं, म्हणून तक्रार नाय. फक्त पोस्टमन येतो तेव्हा मी नेमकी ऑफिसच्या दारात असते.

आज एक विचारायचंय. विचारायला दुसरं कोणी नाय, अशातला भाग नाय. उलट सांगणारे फार झालेत.

आमच्या शाळेत ठाण्याच्या एका संस्थेच्या दिशाताई येतात. मुलींच्या आरोग्याचं वगैरे काम करतात. चांगल्या आहेत, पोरींना नावानं ओळखतात, वर्गात चप्पल काढून बसतात. मागच्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "रविना, तू इथंच अडकू नकोस. एम.एस.डब्ल्यू. कर. एक ट्रस्ट आहे, आदिवासी मुलींच्या पुढच्या शिक्षणाचा सगळा भार उचलतो. मुलाखत मी घडवून आणते. तुझ्या लोकांसाठी तुझ्याइतकं चांगलं कोण काम करेल?"

हेडसरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "ते समाजकार्य वगैरे ठीक आहे मॅडम, पण तुमी बी.एड. करा. कायम व्हाल. आमच्या डोक्याचा पण ताप जाईल." शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींचं वेगळंच. "नर्स व्हा बाय. पाड्यावर नर्स नाय."

कोणीच वाईट बोलत नाय. सगळ्यांना मी काहीतरी व्हावं असंच वाटतं. पण प्रियांका, तुझ्या लक्षात येतंय का? जो येतो तो मला परत पाड्यावरच पाठवतो. सापगावची पोर शिकली तर तिनं काय शिकावं ते तिनं ठरवायचं आणि आम्हा ठाकरांच्या पाड्यावरची शिकली तर तिनं ठाकरांबद्दलच शिकायचं, ठाकरांसाठीच शिकायचं. दिशाताईंना मी हो म्हणून टाकलंय. तोंडावर नाय म्हणायला जमलं नाय.

मग खोलीवर आले आणि कॉलेजातले गोजर सर आठवले. दुसऱ्या वर्षाचा तो तास आठवतो? बाहेर कुठल्यातरी पक्षाची रॅली चालली होती, भोंगे चालू, आणि सरांनी खिडक्या लावून घेतल्या. म्हणाले, "मूळ संख्या संपतात असं धरून चला. सगळ्या गोळा करा. शेवटची पण घ्या. आता त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा." आणि मग त्या नव्या आकड्याला जुन्यांपैकी कोणीच भागू शकत नाय, म्हणजे आपण सगळ्या गोळा केल्याच नव्हत्या. म्हणजे त्या कधी संपतच नायत. चार ओळी. तू शेजारी जांभई देत होतीस. मला मात्र अंगावर काटा आला होता. इतक्या मोठ्या गोष्टीला चार ओळी पुरतात! त्या दिवशी वसतिगृहात जेवले की नाय ते आठवत नाय.

पुण्याला एम.एस्सी. गणित करायचं ते आपण त्याच वर्षी ठरवलं. दोघींनी. एकच खोली, खिडकीजवळची खाट तुझी.

आणि मग गेल्या जूनमधला शहापूरचा एस्टी स्टँड. मी म्हटलं, "मला यायला जमणार नाय." तू का ते विचारलं नायस. तू म्हणालीस, "तुमच्यातल्यांना शीट आयती मिळते, तरी तुमी घरी बसता." मागं किन्हवलीची गाडी लागली होती, माणसं चढत होती, त्यातल्या दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला ते दोघं अजून आठवतात.

बघ, विचारायला बसले होते आणि सांगतच बसले. एम.एस.डब्ल्यू. करू का? एवढंच लिही. नाय लिहिलंस तरी चालेल.

रविना


खर्डी
६ एप्रिल २०२५

प्रियांका,

रामनवमीला जोडून घरी आलेय. तुला आमचा पाडा माहीत नाय. खर्डी स्टेशनावरून रिक्षा रस्ता संपेपर्यंत येते, पुढं शेताच्या बांधावरून चालायचं. सध्या मोह पडतोय. आई उजाडायच्या आधी टोपली घेऊन जाते आणि ऊन चढलं की परत येते. अंगणभर फुलं वाळत घातलीत. तो गोडसर आंबूस वास लहानपणी माझ्या दप्तराला पण यायचा आणि खर्डीच्या शाळेत पोरं नाक दाबायची. आता तोच वास आला की मला बरं वाटतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत बा ऐनाच्या झाडावरून पडला. भाताचे वाफे भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायला चढला होता. तुला माहीतच असेल, तुमच्याकडेही राब भाजतातच, पण काका झाडावर आमच्याच माणसांना चढवतात. (हे खोडणार होते. राहू दे.) मांडीचं हाड मोडलं. आधी शहापूर, मग ठाणे. आपली शेवटची परीक्षा संपली त्याच आठवड्यात. आई दवाखान्यात जायची तेव्हा घर माझ्यावर आणि आई घरी असायची तेव्हा दवाखाना माझ्यावर. तो उठून बसायला लागला तेव्हा जून उजाडला होता. मग आश्रमशाळेची जागा निघाली, ती घेतली.

आता बा काठी घेऊन चालतो. झाडावर चढता येत नाय म्हणून चिडचिड करतो. परवा जेवताना मी विषय काढला. पुढं शिकायचं म्हणते, असं.

बा म्हणाला, "मास्तरीण झालीस ना? मंग आता काय वरचा मजला बांधतेस?"

"गणिताचा अभ्यास करायचा हाय."

"तूच तर पोरांना शिकवतेस गनित. तुला येतं का नाय मंग?"

"अजून खूप असतं बा, पुढचं."

"आन कुठं असतं ते?"

"पुण्याला."

त्यानं उरलेला घास संपवला. मग म्हणाला, "पुन्यात कोन हाय आपला?" आणि ताट सरकवून उठला. काठी सापडेना तेव्हा आईवर ओरडला. काठी त्याच्याच मागं भिंतीला टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर मोह वेचायला गेले. मी तिला दिशाताईंचं सांगितलं, नर्सचं सांगितलं, बी.एड.चं सांगितलं. ती वेचत होती, मान वर न करता म्हणाली, "आन तुला काय व्हयाचा?"

"मला गणितच करायचं वाटतं. पण त्याचा उपयोग काय ते मला सांगता येत नाय गो आई. कोणी विचारलं तर काय सांगू?"

आई हसली. म्हणाली, "गौरीत मी नाचते. पाय दुखतात, दुसऱ्या दिशी उठवत नाय. मला आजपरेंत कोनी इचारला नाय, 'ठमे, नाचून काय मिळतं?' तुझा बा पन नाय इचारत. तो ढोल वाजवतो."

मग टोपली भरली आणि आम्ही घरी आलो.

तुझं उत्तर नाय. पण आता तीन पत्रं झाली, तेव्हा थांबवतही नाय.

रविना


टोकावडे
२० एप्रिल २०२५

प्रियांका,

तुझं पत्र आलं. हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर दिलं. पोरी ओरडल्या, "मॅडमचं पत्र, मॅडमचं पत्र!" मी ते पदराखाली धरून सगळी प्रार्थना म्हटली. एक ओळ गाळली, पोरींनी सांभाळून घेतलं.

आधी स्टँडचं. तू लिहिलंस, "मी बोलले ते घाण होतं. तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते, हे मला तिन्ही वर्षं पाठ होतं. तू येणार नाहीस म्हटल्यावर मला एकटीला जायची भीती वाटली, आणि ती मी तुझ्यावर काढली." हे मी चारदा वाचलं. माफ केलं असं लिहायला घेतलं होतं, पण ते अजून पुरतं खरं नाय. अर्धं खरं आहे. तेवढं पाठवते. नंबर मात्र उघडलाय.

आता दुसरं. तू पहिल्या सत्रात दोन विषयांत राहिलीस, कोणाला सांगितलं नायस, काकींनाही नाय. आणि आता सोडून यायचं म्हणतेस, बँकेच्या परीक्षा द्यायचं म्हणतेस. मला वाटलं होतं तू तिथं खिडकीजवळच्या खाटेवर बसून मजेत असशील. वर्षभर मी त्या खिडकीचा रागराग केला. आणि तू लिहितेस की खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते.

सोड किंवा धर, मी काही सांगणार नाय. मला इतक्या जणांनी सांगितलंय की त्याची चव मला माहीत आहे.

पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यानं मला जागच्या जागी उभं केलंय. तू लिहिलंस, "इथं आल्यावर कळलं की मला गणित आवडत नव्हतं. तुझ्याबरोबर बसून गणित करणं आवडत होतं."

प्रियांका, माझंही तसंच असलं तर?

मला जे आठवतं त्यात सगळं मिसळलेलं आहे. दगडावरचं ऊन, काकींची भाकर, म्हशी, तुझा बातम्या देण्याचा आवाज. त्यातून गणित वेगळं काढलं तर हाताला किती लागेल? पुण्याला मी कशासाठी जायचं म्हणते, पुढच्या अभ्यासासाठी की मागच्या रविवारांसाठी? ते रविवार काही तिथं मिळणार नायत. तू पण तिथं नसशील. मग एवढ्या लांब जाऊन मी त्या भिंतीकडेच बघत बसले तर? त्यापेक्षा दिशाताईंचं ऐकावं. निदान त्यांना आनंद होईल.

मुलाखत दोन मेला ठाण्यात आहे. शाळेच्या परीक्षा संपल्या, पोरी घरी गेल्या, मी आणि मावशी दोघीच उरलोय. तिसऱ्या वर्षाचं पुस्तक पेटीतून काढलंय. त्यातलं गटांच्या प्रकरणातलं शेवटचं उदाहरण, जे आपण सोडून दिलं होतं आणि सरांनीही 'हे परीक्षेला येत नाही' म्हणून सोडलं होतं, ते घेऊन बसणार आहे. एकटी. टाळी द्यायला कोणी नसताना ते मला आवडतं का, ते तरी कळेल.

रविना


खर्डी
१८ मे २०२५

प्रियांका,

फोनवर तू दोनदा विचारलंस मुलाखतीचं काय झालं आणि मी दोनदा 'लिहिते' म्हटलं. तर ऐक.

ते उदाहरण सुटेना. व्हरांड्यात बसले, खोलीत बसले, मावशींबरोबर तांदूळ निवडताना मनात घोळवलं. एकदा सुटलं असं वाटून उड्या मारल्या, आणि पाणी प्यायला उठले तेवढ्यात चूक दिसली. मावशी म्हणाल्या, "मॅडम, कोनी बोलला का तुमाला कायतरी?" रागानं पुस्तक पेटीत टाकलं, दुसऱ्या दिवशी काढलं. गंमत म्हणजे त्या सगळ्या दिवसांत मला एकटं वाटलं नाय. सापगावही आठवलं नाय. हे नंतर लक्षात आलं.

एक मेचं झेंडावंदन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कल्याणची एस्टी पकडली. इस्त्रीची साडी, मांडीवर फाईल. फाईलवर दिशाताईंनी लिहून दिलेला कागद, त्यात मला समाजकार्य का करायचंय याची उत्तरं. ती पाठ करायची होती. मी खिडकीबाहेर बघत होते. आणि सरळगावच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा, कोणीतरी कोंबड्यांची पाटी वर चढवत असताना, ते सुटलं. मी उगाच उलट्या बाजूनं शिरत होते. गट घेऊन उपगटाकडे जायचंच नव्हतं. (तू आता त्या गावची नायस, म्हणून पुढचं लिहीत नाय.) मी मोठ्यानं म्हणाले, "सुटलं!"

कंडक्टर शेजारीच उभा होता. म्हणाला, "सुट्टे हायेत? द्या मग. सकाळपासून सगळे पाचशेच्या नोटा दाखवतात."

मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या माणसाला काही कळेना. त्याला पर्समधले सगळे सुट्टे देऊन टाकले.

मुरबाड येईपर्यंत मी ते मनात तीनदा तपासलं. कुठंही भोक नव्हतं. शेजारी एक आजी झोपली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. टाळी द्यायला खरंच कोणी नव्हतं आणि तरी, प्रियांका, मूळ संख्यांच्या तासाला आला होता तोच काटा.

ट्रस्टच्या ऑफिसात तिघं होते. दोन साहेब आणि एक बाई. दिशाताई कोपऱ्यात बसल्या होत्या, माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, 'बोल, घाबरू नको' अशी. बाईंनी विचारलं, "समाजकार्यच का निवडलंस?"

कागदावरचं पहिलं वाक्य मला येत होतं. ते तोंडापर्यंत आलं. मग मी म्हटलं, "मॅडम, मला एम.एस्सी. गणित करायचंय."

दिशाताईंची मान थांबली.

मोठे साहेब म्हणाले, "पण इथे तर तसं लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "हो सर. आज सकाळपर्यंत मला नक्की नव्हतं." ते म्हणाले, "गणित चांगलंच आहे. पण बेटा, तुझ्या समाजाला त्याचा काय उपयोग?"

 मी त्यांनाच विचारलं, "सर, तुम्ही काय शिकलात?"

"केमिकल इंजिनिअरिंग."

"ते घेताना तुम्ही समाजाचा उपयोग कसा ठरवला? म्हणजे मला पण तसं सांगता येईल."

शपथेवर सांगते, मी उलटून बोलले नाय. मला वाटलं, त्यांना माहीत असेल. बाई हसल्या आणि लगेच हसू आवरलं. साहेब नाय हसले. म्हणाले, "ठीक आहे, कळवतो."

ठाणे स्टेशनपर्यंत दिशाताई माझ्या दोन पावलं पुढं चालत होत्या. जिन्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंस, रविना. मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता." त्यांचं बरोबर होतं. मी तसं म्हटलंही. त्या गेल्या आणि मी तिथंच उभी राहून वडापाव खाल्ला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

अर्थातच ट्रस्टचं नाय झालं. पण पुण्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मी भरलाय, खर्डीच्या सायबरमध्ये, बा शेजारी स्टुलावर बसलेला असताना. त्याला मी सांगितलं नव्हतं, तोच बरोबर आला. फोटो अपलोड झाला तेव्हा म्हणाला, "हसली नायस फोटोत." एवढंच.

रविना


पुणे
१७ ऑगस्ट २०२५

प्रियांका,

आता गंमत बघ. मी पुण्याहून लिहितेय आणि पाकिटावर सापगावचा पत्ता घालतेय.

हॉस्टेलचं काम दिशाताईंमुळे झालं. प्रवेशाच्या यादीत नाव आलं त्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. खाली-वर काही नाय, नुसतं सरकारी वसतिगृहातल्या एका मॅडमचं नाव आणि नंबर. मी 'थँक यू ताई' लिहिलं. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाय आलं. येईल कधीतरी.

निघाले त्या दिवशी पाऊस नव्हता, आभाळ नुसतं भरलेलं. आई भाताच्या आवणीला गेली होती, तिनं बांधावरूनच हात केला आणि परत वाकली. बा मात्र काठी टेकत खर्डी स्टेशनापर्यंत आला. दोनदा बसावं लागलं. गाडीची वेळ झाली तशी त्यानं माझी पिशवी उचलून दिली. मग एकदम म्हणाला, "परत येशील तवा आमच्यासंग असाच बोलशील ना?"

"असाच म्हंजे कसा?"

"असाच. आपला."

मी म्हटलं, "दुसरं येतंय कुठं मला?" तो हसला. पण गाडी सुटल्यावर मी कल्याणपर्यंत तोंड खिडकीकडेच ठेवलं.

इथलं खरं सांगायचं तर अवघड आहे. सगळं इंग्रजीत आणि धावत. पहिल्या चाचणीत मी खालून मोजायला सोपी होते. पहिला पंधरवडा मला तू आठवत होतीस, खोलीत दार लावून बसलेली. पण एक फरक आहे आणि तो तुला सांगायला मला संकोच वाटत नाय, कारण तूच तो आधी ओळखलास. मी रात्री रडते तेव्हा घरच्यासाठी रडते. सकाळी वर्गात जायला मात्र मला कोणी उठवावं लागत नाय.

आईचा काल फोन आला, शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून. म्हणाली, "तुझी सापगावची आलेली. एकटीच. वाट चुकली, तर पोरं घेऊन आली." तू मला बोलली नायस. आपण तीन वर्षं शेजारी बसलो, मी कितीतरी रविवार तुमच्या ओटीवर जेवले आणि तू पाड्यावर पहिल्यांदा आलीस ती मी तिथं नसताना. आई सांगत होती, "लाजत व्हती. मंग करटोलीची भाजी खाल्ली तवा सुधारली." बाला तू बँकेच्या परीक्षेचं काय काय समजावलंस म्हणे. त्याला एक अक्षर कळलं नाय, पण पोर चांगली आहे म्हणाला. मागं अर्धं पाठवलं होतं ना तुला? उरलेलं आज पाठवते.

बँकेचा अभ्यास कर. तुला आकडे भराभर येतात आणि माणसांत राहायला आवडतं, तिथं ते दोन्ही लागतं. मी चिडवत नाय.

आमच्या खोलीत चौघी आहोत. एक नंदुरबारची, एक गडचिरोलीची, एक किनवटची. परवा मेसमध्ये किनवटच्या पोरीनं विचारलं, "शहापूर म्हणजे काय आहे गं तिकडं?" मी म्हटलं, काय नाय, धरणं आहेत, मुंबईला पाणी तिथून जातं. आणि मग मला थांबताच येईना. म्हशाची जत्रा सांगितली. अंगणात मोह वाळत घातला की कसा वास येतो ते सांगितलं. राब भाजतात तेव्हा संध्याकाळी धुराची एक पट्टी सगळ्या शेतांवर आडवी राहते, ती सांगितली. माहुलीचे सुळके खर्डीहून कसे दिसतात आणि शहापूरहून कसे, ते ताटात भाताचे ढीग करून दाखवलं. बाचा ढोल, काकींचं कालवण, टोकावड्याच्या खिडकीची थरथरणारी काच. ताटं वाळली. मेसवाले दिवे बंद करायला आले तरी तिघी ऐकत होत्या. ज्या पाड्याचा अभ्यास करायला मी तयार नव्हते, त्याच्याबद्दल मला इतकं बोलायचं होतं हे मलाच नवीन होतं.

शेवटी किनवटची म्हणाली, "एवढं सगळं आहे तिकडं, तर सोडून आलीस कशाला?"

"गणितासाठी," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. भात सांडलाय तुझा."

तुझी
रविना